ग्रॅनाइटचं वय कसं काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंपी पाहून आलेले, गोव्यात विहीर खणताना कातळ लागलेले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, नुसतेच कुतूहल असणारे. ग्रॅनाइटच्या वयाबद्दल विचारणारी माणसं वेगवेगळी असली, तरी प्रश्न फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. वयं कोटी वर्षांत दिली आहेत. इंग्रजी मजकुरात ‘एक बिलियन’ दिसलं की ते आपले १०० कोटी. उदाहरणं शक्यतो धारवाड क्रेटॉनची (क्रेटॉन म्हणजे खंडाचा जुना, स्थिरावलेला गाभा) घेतली आहेत, कारण कर्नाटक, गोवा आणि तळकोकणातल्या त्या खडकांवरून आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी चाललेले आहेत.

१. ग्रॅनाइट आणि आपला सह्याद्रीतला काळा दगड यांत फरक काय?

दोन्ही अग्निजन्य, म्हणजे तापलेला रस थिजून झालेले. सह्याद्रीचा बेसॉल्ट हा जमिनीवर वाहून आलेला लाव्हा. तो झटपट थंड झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइटचा शिलारस काही किलोमीटर खोलवरच अडकून राहिला आणि अतिशय सावकाश थिजला, म्हणून त्यातले गुलाबी-पांढरे फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ आणि काळ्या अभ्रकाचे पापुद्रे वेगवेगळे ओळखू येतात. आज तो डोंगर होऊन उघडा दिसतो, याचा अर्थ त्याच्यावरचं कित्येक किलोमीटर जाडीचं छप्पर झिजून गेलं आहे.

वयातला फरक तर फारच मोठा आहे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. हंपीचा ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा.

२. स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइटही इतका जुना असतो का?

असू शकतो. दक्षिण भारतातल्या खाणींतून येणारे लाल, गुलाबी आणि राखाडी दगड बहुधा २५० कोटींच्या आगेमागचे असतात. मात्र दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड भूविज्ञानाच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतो. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे रसायनाने बेसॉल्टचा भाऊबंद. लाद्यांच्या धंद्यात पॉलिश घेणारा कुठलाही कठीण, दाणेदार दगड ग्रॅनाइटच. त्यात दुकानदाराचा दोष नाही, पण वय विचारायचं असेल तर आधी दगड कुठल्या खाणीतला ते विचारा.

३. पृथ्वीचा सुरुवातीचा इतिहास शोधायला ग्रॅनाइटच का लागतो?

कारण जुनं असं दुसरं फारसं उरलेलंच नाही. समुद्रतळ बेसॉल्टचा असतो आणि तो सतत प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरात, परत जात राहतो. आजच्या महासागरांचा तळ जवळपास कुठेही २० कोटी वर्षांहून जुना नाही. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खडक तुलनेने हलके. एकदा तयार झाले की ते वरच राहतात. खंड टिकतात ते त्यांच्यामुळे, आणि खंडांचे सगळ्यात जुने, स्थिरावलेले गाभे, म्हणजे क्रेटॉन, मुख्यतः याच खडकांचे आहेत.

दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं: ग्रॅनाइटमध्ये झिर्कॉन सापडतो, वय मोजायला सर्वांत उपयोगी पडणारं खनिज (प्रश्न ५ पाहा). झिर्कॉन नसता तर पहिल्या १०० कोटी वर्षांबद्दल आपण बहुतेक अंदाजच बांधत बसलो असतो.

४. कार्बन डेटिंग का करत नाहीत?

कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा कार्बन-१४ उरत नाही. शिवाय ती पद्धत एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे: लाकूड, हाडं, कोळसा. ग्रॅनाइट कधी जिवंत नव्हता.

५. मग वय मोजतात ते कसं?

सर्वांत भरवशाची पद्धत युरेनियम-शिसे. झिर्कॉन हे झिर्कोनियमचं सिलिकेट. शिलारसात त्याचा स्फटिक वाढत असताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज बसतं, पण शिसं बसत नाही. शिशाचा आकार आणि विद्युतभार स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत मावत नाहीत. म्हणजे जन्माच्या वेळी झिर्कॉनमध्ये युरेनियम आहे आणि शिसं जवळजवळ शून्य. पुढे युरेनियमचा क्षय होऊन स्फटिकाच्या आतच शिसं तयार होऊ लागतं. आज किती युरेनियम उरलं आणि किती शिसं साठलं हे मोजलं की मधला काळ निघतो.

या पद्धतीची खरी ताकद अशी की एकाच दाण्यात दोन घड्याळं चालू असतात. युरेनियम-२३८ चं शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य ७०.४ कोटी वर्षं. दोन्ही एकमेकांना न विचारता चालतात. दोघांनी एकच वेळ दाखवली तर निकालावर विश्वास ठेवायला हरकत नसते. वेगळी दाखवली तर काहीतरी घडलं आहे हे लगेच कळतं (त्यासाठी प्रश्न १६ पाहा). रुबिडियम-स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम-आर्गॉन अशा बाकीच्या पद्धतींत ही आतल्या आत होणारी पडताळणी नसते.

६. झिर्कॉन म्हणजे अमेरिकन डायमंड ना?

नाही. अमेरिकन डायमंड हे कारखान्यात बनवलेलं झिर्कोनियम ऑक्साइड. झिर्कॉन हे निसर्गात बनलेलं झिर्कोनियम सिलिकेट. ग्रॅनाइटमधला झिर्कॉनचा दाणा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, त्यामुळे अंगठीत बसवायची आशा सोडा.

७. खडक फोडल्यापासून वयाचा आकडा हाती येईपर्यंत काय काय करतात?

आधी ताजा खडक शोधतात. पिवळसर, भुसभुशीत झालेला भाग चालत नाही. पाच-दहा किलोचा नमुना घेऊन तो यंत्रात दळतात, चाळतात, मग पाण्याच्या हलत्या टेबलावरून हलके कण वाहून जाऊ देतात. उरलेली जड रेती ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात टाकली की क्वार्ट्झ, फेल्डस्पार तरंगतात आणि झिर्कॉन बुडतो, कारण त्याची घनता पाण्याच्या साडेचार पटींहून जास्त असते. मग चुंबकाने लोहयुक्त खनिजं बाजूला काढायची आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा सुईने वेचायचा. हे वेचणं म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांच्या मानेची आणि डोळ्यांची परीक्षा असते.

वेचलेले दाणे रेझिनच्या गोल वडीत बसवून निम्म्यापर्यंत घासतात, म्हणजे पोट उघडं पडतं. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून चित्र घेतलं की आतली वलयं दिसतात. गाभा कुठला, नंतर चढलेलं कवच कुठलं, तडा कुठे, हे या चित्रावर ठरतं आणि नेमक्या कुठल्या ठिपक्यावर मोजायचं तेही. ही पायरी कुणी गाळली असेल, तर त्या वयाकडे मी तरी संशयानेच पाहतो.

प्रत्यक्ष मोजणीचे तीन मार्ग आहेत. लेसरने ठिपका उडवून: वेगवान आणि त्यातल्या त्यात स्वस्त. आयनांच्या झोताने वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खड्डा खणून: हे यंत्र ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विकसित झालं आणि १९८० च्या दशकात त्याने या क्षेत्राचं चित्रच पालटलं. आणि अख्खा दाणा आम्लात विरघळवून: सगळ्यात अचूक, पण गाभा आणि कवच एकत्र विरघळले तर अचूकतेला अर्थ राहत नाही.

८. किरणोत्साराचा वेग तेव्हाही आजच्याएवढाच होता हे कशावरून?

एक पुरावा प्रश्न ५ मध्ये आलाच. वेग बदलला असता, तर इतकी वेगळी अर्धायुष्यं असलेली दोन घड्याळं हजारो दाण्यांत एकाच वेळेवर जुळली नसती. दुसरा पुरावा आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लो खाणीतला. तिथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये ते लक्षात आलं. तिच्या राखेत उरलेल्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) प्रमाण आजच्या अणुभौतिकीच्या नियमांनीच उलगडतं.

काही हलक्या मूलद्रव्यांत, इलेक्ट्रॉन गिळून होणाऱ्या क्षयाचा वेग रासायनिक परिसराने किंचित बदलतो हे खरं आहे. युरेनियमचा क्षय त्या जातीचा नाही.

९. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५० कोटींच्या घरात. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं का?

हा प्रश्न नेमाने येतो. आकडे जवळ आहेत, पण पुराणातला कल्प हा युगांच्या गुणाकारातून आलेला आहे, कुठल्याही दगडाच्या मोजणीतून नाही. शिवाय पुराणांच्या हिशेबाने चालू कल्प अजून संपलेला नाही; त्यातली १९७ कोटी वर्षं सरली असं पंचांगकर्ते मानतात. म्हणजे पृथ्वीच्या वयाशी ताडायचा तर तो आकडा घ्यावा लागेल, आणि तो जुळत नाही.

पृथ्वीचं वय १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून काढलं, ४५५ कोटी वर्षं. चूक किती असू शकते तेही त्यांनी सोबत दिलं: ७ कोटी इकडे किंवा तिकडे.

१०. वयापुढे ± लावून एवढा मोठा आकडा का असतो? काणकोणच्या ग्रॅनाइटला तर ३९ कोटींचा फरक दिला आहे!

गोव्यातल्या खडकांची जी वयं पुस्तकांत आजही छापली जातात ती बहुतेक १९८० च्या दशकातली, रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीची आहेत. अनमोड घाटातला नाइस (उष्णतेने आणि दाबाने बदलून पट्टेदार झालेला खडक) ३४० ± १४ कोटी, पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराचा ग्रॅनाइट २६५ ± १० कोटी, काणकोणचा ग्रॅनाइट २३९.५ ± ३९ कोटी.

या पद्धतीत एका दाण्यावरून वय निघत नाही. एकाच वेळी तयार झालेले मानलेले अनेक नमुने आलेखावर मांडायचे. ते सरळ रेषेत आले की रेषेच्या चढावरून वय. नमुने रेषेपासून विखुरले, किंवा सगळ्यांत रुबिडियमचं प्रमाण सारखंच असल्यामुळे एका जागी गोळा झाले, की रेषा कशीही डुलते आणि ± फुगतो. रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही गरम पाण्याबरोबर हलतात, त्यामुळे नंतरच्या प्रत्येक उलथापालथीचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. काणकोणचा आकडा ‘साधारण दोनशे ते दोनशे ऐंशी कोटींच्या दरम्यान’ एवढाच वाचावा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. झिर्कॉनच्या वयापुढचा ± चिमुकला असला म्हणून ते वय बरोबर असतंच असं नाही. ± फक्त मोजणीतली अनिश्चितता सांगतो. तुम्ही चुकीचा दाणा मोजला असेल तर ते त्यात दिसत नाही.

११. एकाच खडकाची दोन-तीन वेगवेगळी वयं वाचायला मिळतात. खरं कुठलं?

बहुधा सगळीच. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

खडकाला जन्मतारीख एकच असते ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. प्रत्येक खनिजाचं घड्याळ ठरावीक तापमानाखाली गेल्यावरच सुरू होतं. झिर्कॉनमध्ये शिसं ९०० अंशांपर्यंतही जखडलेलं राहतं, आणि ग्रॅनाइटचा रस तर ६५०-७०० अंशांच्या सुमारास पूर्ण थिजतो. त्यामुळे झिर्कॉनचं वय म्हणजे स्फटिक बनल्याचा काळ. त्याच खडकातल्या काळ्या अभ्रकातला आर्गॉन वायू मात्र तापमान ३०० अंशांच्या आसपास उतरेपर्यंत निसटत राहतो. अभ्रकाचं वय म्हणजे खडक तेवढा थंड झाल्याचा, म्हणजे बऱ्याचदा तो वर येऊ लागल्याचा काळ. दोन आकड्यांत दहा-वीस कोटींचं अंतर पडलं तर ती चूक नसते. खडक इतका वेळ खोलवर तापत पडला होता ही माहिती असते.

जुन्या नाइसमध्ये याहून गुंतागुंत. मूळ रस थिजला ३३० कोटी वर्षांपूर्वी, पुन्हा तापून दाबला गेला ३०० कोटींना, आणखी एकदा २५० कोटींना. झिर्कॉनच्या एकाच दाण्यात गाभा पहिलं वय देतो आणि बाहेरची पातळ कवचं पुढची. म्हणून कुणी ‘या दगडाचं वय अमुक’ म्हटलं, की ‘वय कशाचं?’ असं विचारायची सवय लावून घ्या.

१२. झिर्कॉन खडकापेक्षाही जुना असू शकतो का?

हो, आणि यातूनच बातम्यांचे घोटाळे होतात. जुना वाडा पाडून त्याचे वासे नव्या घराला लावले, तर वाशांच्या वयावरून घराचं वय सांगता येत नाही. शिलारस पृथ्वीच्या जुन्या कवचातून वर येतो तेव्हा वाटेतल्या खडकातले झिर्कॉन न वितळता त्यात तसेच राहू शकतात.

२०१८ मध्ये सिंगभूम क्रेटॉनमधल्या, ओडिशातल्या चंपुआ भागातल्या खडकात ४२४ आणि ४०३ कोटी वर्षांचे झिर्कॉन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. शोध मोठाच होता. पण ‘भारतात ४२० कोटी वर्षांचा खडक सापडला’ असं जे पसरलं ते चुकीचं. खडक त्याहून खूप तरुण आहे. दाणे उसने आहेत. त्यांनी एवढं मात्र सिद्ध केलं की त्या परिसरात कधीतरी तितकं जुनं कवच होतं.

१३. मग जगातला सर्वात जुना खडक कुठला?

वाद नसलेलं उत्तर हवं असेल तर वायव्य कॅनडातला अकास्टा नाइस, ४०३ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा ४४०.४ कोटी वर्षांचा दाणा (प्रसिद्धी २००१) हा फक्त दाणा आहे. तो सापडला तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गोटे-वाळूच्या खडकात, नदीने कुठून तरी वाहून आणलेला. त्याचा जनक खडक कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. तरी जॅक हिल्सच्या अशा जुन्या दाण्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून एक जबरदस्त गोष्ट सुचते: त्यांचा शिलारस ज्या मालापासून झाला तो माल द्रवरूप पाण्याच्या संपर्कात येऊन गेला होता. म्हणजे पृथ्वी जन्मून काही थोड्याच कोटी वर्षांत पृष्ठभागावर पाणी होतं.

वादग्रस्त दावेदार कॅनडाच्याच क्वेबेकमधला, हडसन उपसागराच्या काठचा नुव्वुआगित्तुक पट्टा. २००८ मध्ये त्याला ४२८ कोटींचं वय दिलं गेलं. खडक बेसॉल्टच्या जातीचा, झिर्कॉन नाही. वय सॅमेरियम-निओडिमियम या मूलद्रव्यांच्या जोडीवरून काढलेलं, आणि तो आकडा खडक बनल्याचा की त्याच्या मूळ मालाचा यावर भांडण जुंपलं. २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात घुसलेल्या दुसऱ्या खडकांना ४१६ कोटींचं वय मिळालं, त्याने जुन्या दाव्याला बळ आलं आहे. मला हा दावा पूर्वीपेक्षा पटू लागला आहे, पण अजून शाळेच्या पुस्तकात घालू नये.

१४. बंगळूरचं लालबाग, रामनगर, हंपी: सगळीकडे ग्रॅनाइटच दिसतो. हे सगळे एकाच वेळचे का?

नाहीत, आणि त्यांच्यातल्या फरकातच दक्षिण भारताच्या जन्माची गोष्ट आहे.

सुरुवात पश्चिमेकडून करू. हासन जिल्ह्यातल्या गोरूर परिसरातला नाइस ३३० ते ३४० कोटींचा. रसायन पाहिलं तर तो खरा ग्रॅनाइट नाहीच. त्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम कमी. टोनालाइट, ट्रॉन्जेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट या तिघांच्या घराण्यातला हा खडक. जगातल्या जवळपास प्रत्येक क्रेटॉनचा पाया याच घराण्याचा आहे. असा रस मिळतो तो पाणी मुरलेला बेसॉल्ट खूप खोलवर, गार्नेट हे खनिज तयार होण्याइतक्या दाबाखाली अर्धवट वितळला की. तो बेसॉल्ट तिथवर कसा पोचला, यावर दोन तट आहेत: एक म्हणतो आजच्यासारखा समुद्रतळ खाली सरकला, दुसरा म्हणतो लाव्ह्याचं पठार इतकं जाड झालं की त्याचा तळच वितळला. मला विचाराल तर एकच उत्तर सगळ्या क्रेटॉनांवर लादण्याचा हट्ट सोडायला हवा.

लालबागेतला कातळ याच मालिकेतला, पेनिन्सुलर नाइस. तिथल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फलकावर सुमारे ३०० कोटी वर्षं लिहिलेलं आहे. त्यातले पट्टे, घड्या आणि त्यांना छेदून जाणाऱ्या फिकट शिरा नीट पाहिल्या तर घटनांचा क्रम साध्या डोळ्यांनी लावता येतो: जी शीर दुसरीला कापते ती नंतरची.

मग रसायन पालटतं. २६१ कोटींच्या आसपास पश्चिम भागात चित्रदुर्ग, अर्सिकेरेचे ग्रॅनाइट येतात, पोटॅशियमने समृद्ध. आणि २५१ ते २५३ कोटींना येतो क्लोजपेट ग्रॅनाइट. रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट. तिथले गोलसर कातळ हिंदी सिनेमामुळे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. हा एक डोंगर नव्हे, दक्षिणोत्तर सुमारे ४०० किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी आहे आणि हंपी तिच्या उत्तर टोकाच्या परिसरात येते. पोटॅशियमवाला ग्रॅनाइट मिळतो तो मुख्यतः आधीचं, सोडियमवालं कवचच पुन्हा वितळलं की. क्लोजपेटमध्ये प्रावरणातून आलेला रसही मिसळला आहे. वितळण्याच्या या शेवटच्या फेरीत उष्णता देणारी मूलद्रव्यं (युरेनियम, थोरियम, पोटॅशियम) वरच्या थरात आली, खालचा भाग कोरडा आणि ताठ झाला, आणि धारवाड क्रेटॉन स्थिरावला.

१५. महाराष्ट्रात इतका जुना खडक आहे का, की सगळा बेसॉल्टच?

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टखाली आहे. कडेकडेने मात्र जुना पाया उघडा पडतो. पूर्व विदर्भात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. गोंदियातल्या आमगावच्या नावाने तर ‘आमगाव नाइस’ ओळखला जातो. हा बस्तर क्रेटॉनचा भाग, ज्याच्या छत्तीसगडमधल्या खडकांत ३५६ कोटींपर्यंतची वयं मिळाली आहेत. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे ग्रॅनाइट दिसतो, तो धारवाडच्या बाजूचा. आणि सिंधुदुर्गात नद्यांच्या पात्रांत व किनाऱ्यालगत.

बेसॉल्टच्या खाली काय आहे हे कळलं ते भूकंपांमुळे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे भोक घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपून जुना स्फटिकी खडक लागला. कोयनेला २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं पथदर्शी भोक झालं. तिथे बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर निघाली आणि खाली ग्रॅनाइट-नाइस. कोयनेच्या या पायातल्या झिर्कॉनचं वय सुमारे २७० कोटी. म्हणजे कराड-पाटणच्या माणसाच्या पायाखाली सव्वा किलोमीटरवर कर्नाटकचाच क्रेटॉन पसरलेला आहे.

गोवा-कारवारकडचा जुना खडक याहून वेगळी वाट दाखवतो. कारवारच्या नाइसची झिर्कॉनवरून वयं सुमारे ३२० कोटी आहेत, आणि तशाच वयाचे खडक मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या अंतोंजिल भागात आहेत. ते बेट भारतापासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी फुटून निघालं. दोन्ही किनारे जोडून पाहताना अशा वयांचा आधार घेतात.

१६. दाण्यातलं शिसं निसटलं असेल तर वय चुकणार नाही का?

चुकेल, पण बहुधा पकडलं जाईल. युरेनियमच्या क्षयाने स्फटिकाची जाळी हळूहळू खिळखिळी होते. युरेनियम जास्त असलेल्या दाण्यांत तर ती काचेसारखी होऊन जाते. मग गरम पाण्याने शिसं बाहेर पडतं आणि दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवू लागतात. १९५६ मध्ये वेदरिल या शास्त्रज्ञांनी दाखवलं की असे बिघडलेले दाणे आलेखावर एका सरळ रेषेत येतात. रेषेचं वरचं टोक मूळ वय सांगतं आणि खालचं टोक शिसं गळाल्याचा काळ. शिसं एकदाच गळालं असेल तर हे सुरेख चालतं. थोडं थोडं करून अनेकदा गळालं असेल, तर खालच्या टोकाला काही अर्थ नसतो आणि वरचंही डळमळतं. २००५ पासून दाणे आधी तापवून मग आम्लात धुण्याची रीत रुळली. त्यात खिळखिळा भाग विरघळून जातो आणि धड भागच मोजला जातो.

उलटा प्रकार दुर्मीळ पण त्रासदायक. अंटार्क्टिकातल्या एन्डरबी लँडच्या झिर्कॉनांत शिसं गळालं नाही, दाण्याच्या आतच अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात गोळा झालं. मोजणीचा ठिपका गोळ्यावर पडला की खऱ्याहून जास्त वय मिळतं. हे लक्षात आल्यावर जॅक हिल्सच्या दाण्यांवरही शंका आली. २०१४ मध्ये एका ४३७ कोटी वर्षांच्या दाण्यातले अणू अक्षरशः एकेक मोजून पाहिले. शिसं हललं होतं, पण फक्त नॅनोमीटरच्या अंतरात. ठिपका त्याहून हजारो पट मोठा असतो, त्यामुळे वय टिकलं.

१७. ‘मॉडेल एज’ म्हणजे काय? ते खडकाच्या वयापेक्षा जास्त का येतं?

झिर्कॉनचं वय रस कधी थिजला ते सांगतं. तो रस प्रावरणातून नुकताच आला होता की जुनं कवच वितळून झाला होता, हे सांगत नाही. त्यासाठी त्याच दाण्यातलं हाफ्नियम हे मूलद्रव्य वापरतात. ल्युटेशियमच्या क्षयाने हाफ्नियमचं एक समस्थानिक वाढत जातं, पण झिर्कॉनमध्ये ल्युटेशियम नगण्य, त्यामुळे थिजतानाचं प्रमाण तसंच गोठून राहतं. त्यावरून मागे हिशेब करत गेलं की मूळ माल प्रावरणापासून कधी वेगळा झाला याचा अंदाज येतो. तो आकडा म्हणजे मॉडेल एज. २६१ कोटींच्या ग्रॅनाइटचं मॉडेल एज ३३० आलं, तर जुनं कवच पुन्हा वापरलं गेलं असं समजायचं. पश्चिम धारवाडमध्ये हे चित्र ठळक आहे. पूर्वेकडे २७० ते २५० कोटींच्या काळात बराचसा माल नव्याने प्रावरणातून आला.

सावधगिरी एवढीच: निम्मा जुना आणि निम्मा नवा माल मिसळला, तर मधलंच एखादं मॉडेल एज मिळतं, ज्या काळात प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. ‘अमुक कोटी वर्षांपूर्वी खंडांची झपाट्याने वाढ झाली’ असे आलेख वाचताना हे विसरू नका.

१८. झिर्कॉन मिळालाच नाही, किंवा सगळेच खराब निघाले तर?

तर पर्याय आहेत. मोनाझाइट आणि टायटनाइट या खनिजांतही युरेनियम-शिसे चालतं, आणि त्यांची वयं बहुधा रूपांतरणाचा, म्हणजे खडक पुन्हा तापून-दाबून बदलल्याचा, काळ देतात. ग्रॅनाइटला छेदणारी काळी डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या रसाची भिंत) मिळाली तर तिच्यातल्या बॅडेलेयाइट या खनिजाचं वय काढायचं; ग्रॅनाइट त्याहून जुना असणार एवढं पक्कं होतं. ग्रॅनाइटमध्ये अडकलेला जुन्या खडकाचा तुकडा मिळाला तर दुसरी मर्यादा मिळते. दोन मर्यादांमधलं अंतर कधी पाच कोटी, कधी पन्नास. भारतात हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि दिल्लीचं आयुक (इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर) अशा ठिकाणी समस्थानिकांवर काम चालतं. आयआयटी मुंबईत आर्गॉन पद्धतीची सोय आहे. नमुना पाठवण्याआधी त्याचं नेमकं ठिकाण, उत्तर दिशेची खूण आणि आजूबाजूच्या खडकांशी त्याचं नातं दाखवणारा फोटो सोबत ठेवा. आणि लालबागेसारख्या संरक्षित कातळावर हातोडा चालवू नका. त्याची वयं आधीच काढलेली आहेत.